टाकीवरचा दिवस

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि सतारी-तंबोऱ्यांच्या या गावाला डॉक्टरांचं गाव अशी दुसरी ओळख मिळाली. आज सांगली-कोल्हापूरच नव्हे, तर पलीकडच्या कर्नाटकातूनही पेशंट इथे येतात. त्यांना डॉक्टर दिसतात, सिस्टर दिसतात, बिलाची खिडकी तर दिसतेच. आमचा विभाग मात्र त्यांना दिसत नाही. तो तळमजल्यावर, लाँड्रीच्या शेजारी आहे. दारावर पाटी आहे ‘सीएसएसडी’. ऑपरेशनला वापरलेलं प्रत्येक सामान इथे मळकं येतं, धुतलं जातं, तपासलं जातं, पाकिटात बंद होतं आणि निर्जंतुक होऊन परत ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत जातं. मी इथली टेक्निशियन. एका साध्या कामाच्या दिवसाची ही हकिकत.

सकाळी ७.००

पाळी बदलताना रात्रीच्या दोन ट्रॉल्या दाराशी उभ्या असतात. आज एक सीझरची आहे आणि एक मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनची. रात्रपाळीच्या मामांनी सामानावर फवारा मारून वर ओलं फडकं टाकलंय. रक्त ओलं आहे तोवर पाण्याने निघतं. एकदा वाळलं की खाचेत धरून बसतं. पूर्वी काही ठिकाणी सामान सलाईनमध्ये बुडवून ठेवायची पद्धत होती. ती त्याहून वाईट. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी, आणि त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. मग त्या खड्ड्यांत रक्त साचायला नवी जागा तयार.

ट्रॉलीला हात लावण्याआधी वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची बोवी-डिक चाचणी. रिकाम्या ऑटोक्लेव्हमध्ये चाचणीचं पाकीट ठेवायचं, १३४ अंशांवर साडेतीन मिनिटं चालवायचं. आतल्या कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलला, तर आतली हवा पूर्ण निघाली आणि वाफ सगळीकडे पोचली असं समजायचं. मध्ये फिका डाग राहिला, तर ते मशीन दुरुस्त होईपर्यंत बंद.

७.२०

आता टाकी. कागदोपत्री तिचं नाव अल्ट्रासॉनिक क्लीनर, पण आमच्याकडे सगळे नुसतं ‘टाकी’ म्हणतात. ‘टाकीत गेलं का?’, ‘टाकीतनं काढलं का?’ दिवसभर हेच चालतं. दिसायला स्टीलचं चौकोनी भांडं, २० लिटरचं. वर झाकण, पुढे टायमर आणि तापमानाचं बटण. आत ब्रश नाही, पंखा नाही, फिरणारं काहीच नाही. नवीन माणूस आत डोकावतो आणि विचारतो, हे धुतं कशानं?

धुतं आवाजानं. टाकीच्या तळाला बाहेरून चकत्या चिकटवलेल्या असतात. त्या विजेवर थरथरतात आणि सेकंदाला ४०,००० वेळा तळ हलवतात, म्हणजे ४० किलोहर्ट्झ. माणसाच्या कानाची मजल २० किलोहर्ट्झपर्यंत. म्हणजे मूळ आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. जो ‘सूंऽऽ’ असा सूर ऐकू येतो, तो पाण्यात फुटणाऱ्या असंख्य बुडबुड्यांचा.

मी सकाळी टाकी रिकामी, कोरडी असल्याची खात्री करते, पुसते आणि खुणेच्या रेघेपर्यंत पाणी भरते. रेघेच्या खाली पाणी ठेवून टाकी चालवणं म्हणजे तळाच्या चकत्यांचं आयुष्य कमी करणं. पाणी बोअरचं चालत नाही, क्षार काढलेलंच लागतं. त्यात मोजून एन्झाइमचं सोल्युशन. ही एन्झाइम रक्तातली प्रथिनं आणि चरबी तोडतात. सोल्युशनमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे पाणी अरुंद फटीत शिरतं आणि बुडबुडेही सहज उमटतात. फेस होणारा साबण इथे चालत नाही. मग तापमान ४० ते ४५ अंशांवर. आमच्याकडची शिकाऊ मुलगी पहिल्या आठवड्यात म्हणाली होती, “ताई, पाणी उकळतं घेतलं तर लवकर निघेल की!” नाही निघणार. ६० अंशांच्या पुढे रक्तातली प्रथिनं शिजतात आणि सांध्यात घट्ट बसतात. आधी शिजवायचं आणि मग खरवडत बसायचं, असा उद्योग होतो तो.

पाणी भरलं की लगेच सामान टाकायचं नाही. ताज्या भरलेल्या पाण्यात हवा विरघळलेली असते. टाकी चालू केली की आधी ती हवा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. हे बुडबुडे हवेनं भरलेले असल्यामुळे जोरात मिटत नाहीत, उलट आवाजाची ताकद शोषून घेतात. म्हणून दहा मिनिटं टाकी सामानाशिवायच चालवायची. सुरुवातीला पाणी दुधट दिसतं, बुडबुडे वर येत राहतात, सूर भसाडा असतो. हवा निघून गेली की पाणी निवळतं आणि सूर धारदार होतो. हा फरक आता कान न लावताही कळतो.

७.४०

फॉइलची चाचणी. पोळ्या गुंडाळायची साधी ॲल्युमिनियम फॉइल, टाकीच्या लांबीएवढी कापायची, दोन्ही टोकं धरून उभी पाण्यात सोडायची. तळाला टेकू द्यायची नाही. मिनिटभरानं बाहेर काढून उजेडात धरायची. उंदरांनी कुरतडल्यागत झालेली असते, सगळीकडे बारीक टोचे आणि मधूनमधून आरपार भोकं. कुठेही टोच्यांशिवायचा सपाट पट्टा दिसता कामा नये.

आज डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग जवळजवळ कोरा आहे. कालच्या फॉइलवर तो फिका होता. रोजची फॉइल तारीख घालून जपून ठेवल्यानं हे कळतं. म्हणजे त्या कोपऱ्याखालची चकती दमली. इंजिनिअरला फोन. तो दुपारी येणार. तोवर डाव्या बाजूला सामान ठेवायचं नाही अशी चिठ्ठी टाकीवर. फॉइलचे तुकडे पाण्यात राहतात, म्हणून ते पाणी काढून पुन्हा नव्यानं भरायचं आणि दहा मिनिटांचे सगळे सोपस्कार परत. हे कंटाळवाणं आहे हे मान्य, पण त्याला पर्याय नाही.

८.१५

ट्रॉल्या आत. गाऊन, जाड हातमोजे, चष्मा, मास्क. मावशी वरच्या नळाखाली गार वाहत्या पाण्यात एकेक सामान धरते आणि दिसणारं रक्त काढते. टाकी हा धुण्याचा पहिला टप्पा नाही. मांसाचे तुकडे लागलेलं सामान तसंच आत टाकलं तर दुसऱ्या फेरीतच पाणी लाल होतं, आणि मग पहिल्याचा मळ दुसऱ्याला लागतो.

मग माझं निवडणं. आर्टरी (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा), मॉस्किटो (त्याचाच लहान प्रकार), ॲलिस, कॉकर, नीडल होल्डर, कात्र्या टाकीत जाणार. प्रत्येकाची पकड उघडायची, कुलूप सोडायचं. आर्टरीचे दोन पाय जिथे एकमेकांतून आरपार जातात, त्या सांध्याला आम्ही बॉक्स जॉइंट म्हणतो. तिथे ब्रशचा केस शिरत नाही. ऑपरेशनमध्ये रक्त मात्र शिरतं. बंद आर्टरी टाकीत टाकणं म्हणजे नेमकी तीच जागा सोडून बाकी सगळं धुणं.

टाकीत काय जाणार नाही, ही यादी भिंतीवर मोठ्या अक्षरात आहे. दुर्बिणीनं होणाऱ्या ऑपरेशनचा टेलिस्कोप नाही, कारण आतली भिंगं ज्या गोंदानं बसवलेली असतात तो सुटतो. कॅमेरा नाही, मोटरवाली ड्रिल नाही. रबर आणि सिलिकॉन नाही, ते आवाज शोषून घेतात आणि शेजारच्या सामानालाही धुऊ देत नाहीत. क्रोमचा मुलामा दिलेलं जुनं सामान नाही, मुलामा निघून येतो. आणि ॲल्युमिनियम किंवा पितळ कधीही स्टीलबरोबर नाही. दोन वेगळे धातू कोमट सोल्युशनमध्ये एकत्र आले की त्यांच्यात बारीक विजेचा व्यवहार सुरू होतो आणि एकाच्या अंगावर डाग पडतात.

९.३०

पहिली फेरी आत. सामान नेहमी जाळीच्या बास्केटमध्ये, तळावर कधीच नाही. एकावर एक रचायचं नाही. सक्शनची नळी बुडवताना तिरपी धरायची आणि आतली हवा पूर्ण निघेपर्यंत थांबायचं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर आवाज तिथेच अडतो आणि आतून नळी मळकीच राहते. झाकण बंद, आठ मिनिटं. झाकण बंद ठेवायचं कारण आवाजाचा त्रास एवढंच नाही. चालू टाकीतून रक्ताचे सूक्ष्म तुषार उडतात.

शिकाऊ मुलीनं बास्केटमधून निसटलेली मॉस्किटो काढायला हात पुढे केला, तेवढ्यात मी ओरडले, “आधी बंद कर!” चालू टाकीत हात घालायचा नाही. तो आवाज बोटांच्या हाडांपर्यंत जाणवतो, आणि पाणी तर रक्ताचं आहेच.

मग तिला नीट समजावलं. आवाजाची लाट पाण्यातून जाते तेव्हा पाण्यावरचा दाब कमी-जास्त होत राहतो. दाब कमी झाला की पाणी जणू ताणलं जातं आणि त्यात पोकळी पडते, वाफेचा अतिसूक्ष्म बुडबुडा. तो केसाच्या जाडीच्या आसपास वाढतो. लगेच दाब वाढतो आणि पोकळी मिटते. ४० किलोहर्ट्झला या संपूर्ण आवर्तनाला २५ मायक्रोसेकंद लागतात. मिटताना त्या ठिपक्याएवढ्या जागेत तापमान काही हजार अंशांवर आणि दाब शेकडो वातावरणांपर्यंत जातो. जागा इतकी लहान आणि वेळ इतका थोडा की टाकीतलं पाणी नुसतं कोमट राहतं.

“पण मग सगळं रक्तच का निघतं, मधलं पाणी का नाही खवळत?” तिनं बरोबर प्रश्न विचारला. बुडबुडा मोकळ्या पाण्यात असेल तर चहूबाजूंनी सारखा मिटतो. घन पृष्ठभागाजवळ असेल तर एका बाजूनं पाणी यायला वाट नसते. मग तो लांबच्या बाजूनं आत दबतो आणि पाण्याची सुईसारखी धार पृष्ठभागावर आदळते. शिवाय बुडबुडे उगवतात तेच मुळी खाचांमध्ये आणि खरखरीत जागी. म्हणजे जिथे मळ, तिथेच मार. ब्रश वरून खाली जातो. टाकीचा मार खाचेच्या आतून येतो.

याच मारानं एकेकाळी इंजिनिअरांची झोप उडवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवान जहाजांचे पंखे आपोआप खड्डे पडून खराब होऊ लागले. पाणी पितळ खातंय असं वाटायचं. १९१७ साली लॉर्ड रेले या शास्त्रज्ञानं गणित मांडलं की पोकळी मिटताना केवढा दाब निर्माण होतो, आणि तेवढ्या दाबाला धातू टिकणार नाही. जलविद्युत केंद्रातल्या टर्बाइनच्या पात्यांना आजही हाच रोग होतो. पाण्याची ती खोड माणसानं टाकीत बांधून कामाला लावली. टाकीच्या तळावर सामान ठेवू नका म्हणतात ते याचसाठी. तळ आणि सामान यांच्यामधले बुडबुडे तळालाच खड्डे पाडतात.

११.००

टाकीतून काढलं की काम संपलं असं नाही. सामान आधी नळाच्या, मग आरओच्या पाण्यानं खळबळून घ्यायचं. सोल्युशन उरलं तर ऑटोक्लेव्हमध्ये तेच डाग होऊन भाजून बसतं. मग संकुचित हवेनं नळ्या कोरड्या करायच्या आणि भिंगाखाली तपासणी.

आर्टरी उघडून बॉक्स जॉइंट भिंगाखाली धरला की खरं काय ते दिसतं. आज २६ आर्टरींपैकी एकीच्या सांध्यात तांबूस रेघ आहे. गंज की रक्त? ओल्या पांढऱ्या गॉजनं पुसलं तर निघालं, म्हणजे रक्त. ती एकटी परत टाकीत. गंज असता तर बाजूला काढून दुरुस्तीला पाठवली असती, कारण गंज एका सामानावरून दुसऱ्यावर पसरतो. शंका राहिली तर प्रथिनाचा स्वॅब आहे. मळ उरला असेल तर त्याचा रंग बदलतो.

टाकीत सामानाचं वंगणही निघून जातं, त्यामुळे आर्टरी करकरायला लागतात. त्यावर साधं तेल सोडायचं नाही. तेलाचा थर वाफेला आत येऊ देत नाही. पाण्यात मिसळणारं, दुधासारखं दिसणारं खास वंगण असतं, त्यात बुडवून काढायचं.

यानंतर पाकीट, सील, वर तारीख आणि फेरीचा नंबर, आणि १३४ अंशांचा ऑटोक्लेव्ह. टाकी जंतू मारत नाही, हे शिकाऊ मुलांना दहादा सांगावं लागतं. ती मळ काढते. जंतू मारण्याचं काम वाफेचं, पण वाळलेल्या रक्ताखाली दडलेल्या जंतूपर्यंत वाफ पोचेलच असं नाही. म्हणून पहिलं काम चुकलं तर दुसरं कितीही नीट केलं तरी भरवसा नाही.

दुपारी १२.३०

डोळ्यांच्या ओटीचे ट्रे आले. हे माझ्या दिवसातलं सगळ्यात नाजूक काम. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता बहुतेक ‘फेको’नं होतं. डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ते पुढे आणलं. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलेले असताना दात साफ करणारं अल्ट्रासॉनिक यंत्र पाहून त्यांना ते सुचलं होतं. फेकोची सुई स्वतःच सेकंदाला ४०,००० वेळांच्या आसपास थरथरते आणि गढूळ झालेलं भिंग डोळ्यातच फोडून शोषून घेते. पण तो हँडपीस आमच्या टाकीत घालायचा नाही. त्याच्या नळ्यांमधून शुद्ध पाणी सोडून धुवायचं, बनवणाऱ्यानं सांगितलं आहे तसं.

डोळ्यांच्या सामानाला आमच्याकडे वेगळी लहान टाकी आहे. कारण असं की टाकीत पाणी रात्रभर राहिलं तर त्यात काही जंतू वाढतात. ऑटोक्लेव्हमध्ये ते मरतात, पण त्यांच्या पेशींच्या आवरणातलं विष, एन्डोटॉक्सिन, त्या तापमानालाही टिकतं. पोटाच्या ऑपरेशनमध्ये तेवढ्यानं फरक पडणार नाही कदाचित. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात मात्र कणभर गेलं तरी दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद आणि बुबुळ धुरकट. डॉक्टर त्याला ‘टास’ म्हणतात. संसर्ग नाही, जंतू सापडत नाहीत, तरी डोळा सुजतो. सोल्युशनचा अंश धुवायचा राहिला तरी हेच होऊ शकतं. म्हणून डोळ्याच्या टाकीचं पाणी ताजं, धुणं भरपूर पाण्यानं आणि काम संपताच टाकी रिकामी करून कोरडी.

टाकीतलं पाणी जेवढं स्वच्छ, तेवढंच सामान स्वच्छ. या खात्यात मी दुसरं काही शिकले नसते तरी एवढं एक पुरलं असतं.

१.१५

जेवण. डब्यात भाकरी, वांग्याची भाजी. मावशीनं आणलेलं लोणचं. वीस मिनिटांत परत.

१.४०

कंपनीचा पोरगा उद्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा सेट घेऊन आला. सहा मोठे ट्रे. असे सेट दवाखान्याचे नसतात; कंपनीचे असतात, एका गावातून दुसऱ्या गावात फिरतात. “मॅडम, धुतलेला आहे, नुसता ऑटोक्लेव्ह करा,” असं तो म्हणतो. मी हाड कोरायचा रीमर उचलला, पोकळ दांड्यातून बारीक ब्रश आरपार घातला, आणि पांढऱ्या गॉजवर तो पुसला. तपकिरी.

त्याचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. पोरगा बिचारा सकाळपासून दुचाकीवर तीन गावं फिरून आलेला. पण बाहेरून येणारा सेट धुतलेला आहे असं कुणीही सांगितलं तरी आमच्याकडे तो मळका समजूनच धुतला जातो. सर्जनना फोन करून सांगितलं, उद्या सकाळी नऊऐवजी साडेदहाला सेट मिळेल. सर आधी चिडले, मग गॉजचा फोटो पाहून म्हणाले, “अकरालाही चालेल.”

ड्रिल बिट, रीमर, रोंजर या हाडांच्या सामानात मळ वेगळा असतो. हाडाचा भुगा आणि मज्जेची चरबी एकत्र होऊन घट्ट बसते. हे सामान दोन फेऱ्या घेतं, मध्ये ब्रश.

३.००

इंजिनिअर आला. टाकी रिकामी करून उलटी केली. तळाला आठ चकत्या. एकेकीत धातूच्या दोन ठोकळ्यांमध्ये सिरॅमिकच्या कड्या दाबून बोल्टनं आवळलेलं असतं. स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. उलटंही होतं: वीज दिली की स्फटिक हलतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला पॉल लांजव्हाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं क्वार्ट्झ आणि पोलाद यांचा असा थर बांधला. आज क्वार्ट्झच्या जागी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम असलेलं सिरॅमिक असतं, बांधणी मात्र तीच. युद्धातलं पाणबुडी-शोधकाचं डिझाइन आज मिरजेच्या एका दवाखान्याच्या तळमजल्यावर आर्टरी धुतंय, हे मला गमतीचं वाटतं.

कोपऱ्यातल्या चकतीचा गोंद सुटला होता. थरथर होत होती, पण ती तळापर्यंत पोचत नव्हती. त्यानं ती काढून नवी चिकटवली. आता चोवीस तास टाकी बंद. जुनी टाकी आहेच, ती काढली.

चहा घेताना मी विचारलं, आणखी कुठे कुठे जाता? त्याचा आठवडा असा: डिझेल पंपाच्या वर्कशॉपमध्ये इंजेक्टर धुणाऱ्या टाक्या, तिथे २५ किलोहर्ट्झ. आवाज जेवढा खालचा, बुडबुडा तेवढा मोठा आणि मार तेवढा जोराचा. दातांचे दवाखाने. चष्म्याची दुकानं. घड्याळवाले, ते चाकं-दांडे लहान काचपात्रात घालून ते पात्र पाण्यात ठेवतात. सर्किट बोर्डावरचं फ्लक्स काढणारे कारखाने. नाजूक कामाला ८० ते १३० किलोहर्ट्झ. आणि चिपसाठीच्या सिलिकॉनच्या चकत्या जिथे धुतात तिथे एक मेगाहर्ट्झच्या आसपास, कारण तिथे मार नकोच असतो, नुसता प्रवाह पुरतो. त्याच्या नव्या टाक्या आवाजाची पट्टी सतत थोडी वर-खाली करत राहतात. ४० किलोहर्ट्झच्या लाटेची लांबी पाण्यात पावणेचार सेंटिमीटर. पट्टी एकच ठेवली तर दर पावणेदोन-दोन सेंटिमीटरवर शांत जागा तयार होतात आणि त्या जागी सापडलेलं सामान मळकं राहतं.

जाता जाता तो म्हणाला, काही वर्कशॉपवाले अजूनही टाकीत पेट्रोल नाहीतर थिनर भरतात. “समजावलं तरी ऐकत नाहीत.” टाकी पाण्यासाठी बनलेली असते. तिच्यात पेट्रोल, थिनर, स्पिरिट घालणं म्हणजे गरम होणाऱ्या विजेच्या भांड्यात पेटणारी वाफ कोंडणं.

४.१५

दिवसाचं शेवटचं काम. जुन्या टाकीचं पाणी सोडायचं, तळ आणि कोपरे पुसायचे, झाकण उघडं ठेवून कोरडं होऊ द्यायचं. रजिस्टरमध्ये फेऱ्या, तापमान, सोल्युशनची बॅच, फॉइलचा निकाल आणि आजची तक्रार. दुपारपाळीच्या सिस्टरना सांगितलं, “मोठी टाकी उद्या दुपारपर्यंत बंद. कंपनीच्या सेटची दुसरी फेरी बाकी आहे, रीमरला ब्रश लावा.”

संध्याकाळी ६.३०

घरी जाताना वाटेत ओळखीच्या सराफाकडे डोकावले. भाचीच्या लग्नासाठी आईची नथ आणि पाटल्या धुवून हव्या होत्या. त्यांच्या काउंटरच्या मागेही एक लहान टाकी आहे. पाटल्या त्यांनी आत टाकल्या, दोन मिनिटांत नक्षीतला काळा मळ पाण्यात ढगासारखा सुटला. नथीला त्यांनी हात लावला नाही. “वहिनी, मोती टाकीत नाही घालायचा.” मोत्याचे थर मऊ, सोल्युशननं त्याची चमक जाते, आणि नथीचे मोती तारेत ओवलेले, ती तारही ढिली होते. पोवळं, ओपल, फिरोजा यांचंही तेच. पाचूच्या भेगांत तेल भरलेलं असतं, ते निघून आलं तर निस्तेज पाचू घेऊन घरी जायचं. हिरा साधा असेल तर चालतो, पण भेग भरलेला हिरा नाही. नथ त्यांनी मऊ फडकं ओलं करून पुसली, कोरडी केली आणि डबीत घालून दिली.

घरी वापरायच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त डब्यांत चकती नसते, नुसती मोटर गुरगुरते. घेण्याआधी फॉइलचा तुकडा पाण्यात सोडून पाहा. टोचे पडले नाहीत, तर ती डबी पाणी हलवते, धूत नाही.

आणि दवाखान्यात, विशेषतः दाताच्या खुर्चीत बसाल तेव्हा, सामानाचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि त्यावरच्या पट्टीचा रंग बदललाय का पाहा. पण पट्टी एवढंच सांगते की पाकीट वाफेतून गेलंय. म्हणून आणखी एक प्रश्न जरूर विचारा: वाफेआधी हे धुतलं कशात, आणि त्या टाकीतलं पाणी आज बदललं होतं का? ज्यांच्याकडे काम नीट चालतं, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही. ते रजिस्टर काढून दाखवतात.